डिकी बसवायची, तर लॉक शेवटी

जुनी गाडी घेतली की पहिले दोन-तीन महिने माणूस बॉनेटमध्ये डोकं घालून असतो. कार्ब्युरेटर, पॉइंट, रेडिएटर. गाडी चालू लागली की मग कधीतरी तो मागे जाऊन उभा राहतो आणि त्याला पहिल्यांदा दिसतं, की डिकी वाकडी बसली आहे. डावीकडे करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे पोस्टकार्ड सरकत नाही. बंद करायची तर आपटावी लागते, आणि आपटूनही एक कोपरा वर तो वरच.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२ची. वडिलांनी घेतलेली, त्यांच्यानंतर बरीच वर्षं पार्ल्याच्या सोसायटीत ताडपत्रीखाली उभी. तिची डिकी हट्टी होती. जवळच्याच एका गॅरेजात नेली, तर तिथल्या माणसाने अर्ध्या तासात लॉक ज्यात अडकतं तो बॉडीवरचा हूक ठोकून खाली घेतला आणि म्हणाला, बघा, बसली. बसली खरी. पंधरा दिवसांत बिजागरीजवळचा रंग तडकला, आणि जूनच्या पहिल्या सरीत स्टेपनीच्या खड्ड्यात एवढं पाणी साचलं की मगने उपसावं लागलं.

मग कुर्ल्याला सीएसटी रोडमागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या डेंटरकडे, म्हणजे पोचलेला पत्रा सरळ करणाऱ्याकडे, गेलो. चाचांनी डिकी उघडली, हुकाचे दोन बोल्ट काढले आणि हूक स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाले, ‘ये अब मेरे पास रहेगा. जब तक डिक्की बिना ताले के सीधी नहीं बैठती, मांगना मत.’

पुढे जे लिहितोय ते सगळं त्या खिशातल्या हुकाभोवती फिरतं. लॉकचं काम डिकी धरून ठेवण्याचं; ती जागेवर आणण्याचं नाही. जागा ठरवते बॉडी, त्यानंतर बिजागऱ्या, त्यानंतर कडेचं रबर. लॉकने ओढून फट मिटवली की तो ताण कुठेतरी जाणारच: बिजागरीच्या पत्र्यात, लॉकच्या दातात किंवा रंगात. नवशिके नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण लॉक समोर दिसतं आणि त्याचे बोल्ट सहज हाताला येतात.

(डिकी हा शब्द तसा गमतीचा. इंग्रजांच्या जुन्या मोटारींत मागच्या बाजूला उघडणारी एक जादा सीट असे, तिला डिकी म्हणत. सीट गेली, तिथे सामान आलं, नाव मात्र आपल्याकडे टिकलं. खुद्द इंग्रज आता बूट म्हणतात.)

काय काय जवळ ठेवायचं

पाने आधी. पद्मिनीचं घराणं इटलीचं, त्यामुळे बोल्ट मिलीमीटरमधले. १० आणि १३ चे रिंग पाने बहुतेक काम करतात. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं मूळ विलायती, तिथे इंची पाने लागतात. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टावर ‘जवळपास’ बसतो आणि जोर दिला की डोकं गोल करून टाकतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर, त्या फरकातच बोल्ट जातो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत हे ऐच्छिक नाही.

शिवाय: मास्किंग टेप, पेन्सिल, सुतळी, मापाची टेप, लाकडाचे दोन ठोकळे आणि ते गुंडाळायला जुनं फडकं, मागच्या काचेवर टाकायला एक गोधडी. पातळ वॉशर आणि शिमची पत्री (उंची वाढवायला मधे घालायचा पातळ पत्रा) नागदेवी स्ट्रीटला मिळते. फट मोजायला वेगळं हत्यार नको. ५ मिलीमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा घ्या. तो फटीतून अलगद फिरला तर फट बरोबर. मी चारही बाजूंना ५ धरतो. जुन्या गाडीत एक मिलीमीटर इकडेतिकडे चालतं. आजच्या गाड्यांसारखी सुरीच्या धारेएवढी फट मिळवायला जाऊ नका. गाडी खड्ड्यातून गेली की पत्रा पत्र्याला घासेल.

आणि एक माणूस लागतो. एकट्याने डिकीचे बोल्ट सैल करायचे नाहीत. माझ्याकडे खालच्या मजल्यावरचे जोशीकाका येतात. ते सूचना फार देतात, पण हात स्थिर आहे.

गाडी कुठे उभी आहे ते बघा

हा मुद्दा कुणी सांगत नाही आणि मुंबईत तोच सगळ्यात जास्त नडतो. सोसायटीच्या आवाराला गटाराकडे उतार असतो. माझ्या जागेत तर मागचं एक चाक नेमकं चेंबरच्या झाकणावर यायचं. पद्मिनी काय, अ‍ॅम्बेसेडर काय, दोघींना खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. तळ गंजून थोडा मऊ झाला असेल तर एक चाक इंचभर वर गेल्यावर डिकीचं तोंडसुद्धा किंचित पिळतं. तिथे घातलेला सगळा मेळ गाडी सपाट रस्त्यावर आली की बिघडतो.

म्हणून सपाट जागा शोधा. चारही टायरांत हवा सारखी भरा. जॅक लावायचा नाही. डिकी पूर्ण रिकामी करा, स्टेपनीसकट. गाडी कधीकाळी टॅक्सी असेल आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर ती तशीच राहू द्या. ती सोडवणं हे अधिकृत माणसाचं काम, रविवारच्या हौसेचं नाही. फक्त टाकीच्या पट्ट्यांभोवती तळाचा पत्रा दबलाय का, तडकलाय का, ते टॉर्च मारून बघा.

आता हूक काढा आणि खिशात टाका. चाचांसारखा. मग रबर. सगळीकडून अलगद सोडवा. कडक झालं असेल तर तसंही नवीन लागणारच आहे. डिकी आता फक्त दोन बिजागऱ्यांवर आहे. हळूच बंद करा, म्हणजे नुसती टेकवा. पत्र्यावर पत्रा टेकू नये म्हणून बम्परकडच्या दोन्ही कोपऱ्यांत, रबर दबल्यावर जेवढं जाड राहील तेवढ्या पुठ्ठ्याच्या सारख्या घड्या ठेवा.

मागे जाऊन दहा पावलांवर उभे राहा. पाच मिनिटं काही करू नका, नुसतं बघा.

मोजमाप

दोन मापं घ्यायची आहेत आणि पहिलं माप डिकीचं नव्हे, तिच्या तोंडाचं. डिकी उघडून टेपने डावा पुढचा कोपरा ते उजवा मागचा कोपरा मोजा, मग उजवा पुढचा ते डावा मागचा. दोन्ही आकडे सारखे हवेत. तीन-चार मिलीमीटरचा फरक असेल तर पुढे चला. दहा-बारा असेल, तर गाडीला मागून कधीतरी ठोकर बसली आहे आणि मागचा पत्रा सरकलेला आहे. बिजागरी कितीही हलवा, चौकोनी झाकण तिरक्या डब्यावर बसणार नाही. पाने ठेवून द्या आणि बॉडी ओढून सरळ करणाऱ्याकडे जा. तो गॅस वेल्डिंगची गोष्ट काढेल. जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी डिकीच्या आसपासच असते. ती काढून बाहेर ठेवल्याशिवाय त्या भागात ज्योत लावू द्यायची नाही. ‘कुछ नहीं होता साब’ हे वाक्य ऐकलंत की गाडी परत आणा.

दुसरं माप फटींचं. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी, काचेकडे तीन, बम्परकडे तीन. टेपचे तुकडे लावून त्यावरच आकडे लिहा. उंचीही बघा: बोटाचं पेर फटीवरून आडवं फिरवलं की कुठली कड वर आहे ते लगेच कळतं. डोळ्यापेक्षा बोट खरं बोलतं, विशेषतः उन्हात.

आणखी एक चाचणी, दोन मिनिटांची. डिकी अर्धी उघडा आणि बम्परकडची कड धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर पिन झिजली आहे. झिजलेल्या बिजागरीवर मेळ घालणं म्हणजे पाण्यावर रांगोळी. आधी पिन बदला.

बिजागरी: इथेच वेळ द्या

डिकी पुढे-मागे, आजूबाजूला करायची सोय बिजागरीच्या बोल्टांत असते. त्यांची भोकं गोल नसून लांबट असतात. भोक ज्या दिशेला लांब, त्या दिशेला हलवायची मुभा. तुमच्या गाडीत कुठली भोकं कुणीकडे लांब आहेत ते आधी हाताने चाचपून घ्या. काही ठिकाणी बिजागरीचा वाकडा दांडा बदकाच्या मानेसारखा आतून येतो आणि डिकीला खालून धरतो. मी त्याच तऱ्हेबद्दल लिहितोय. डिकी वर धरायला स्प्रिंग किंवा पीळ दिलेली सळई असेल तर तिला हात लावू नका. तिच्यातला ताण सुटला तर मनगट मोडू शकतं. आपल्याला फक्त डिकीच्या बाजूचे बोल्ट हवे आहेत.

काचेवर गोधडी टाका. बिजागरीच्या पत्तीभोवती पेन्सिलने रेघ ओढा, म्हणजे काही बिनसलं तर परत यायला जागा राहील. बोल्ट काढायचे नाहीत, अर्धा आटा सैल करायचे. डिकी मुठीच्या धक्क्याने जेमतेम सरकावी, स्वतःहून घसरू नये.

गाडीच्या मागे उभे राहून डावं-उजवं ठरवा. चालकाची बाजू ती उजवी.

सगळी डिकी काचेकडे जास्त गेली असेल तर दोन्ही बाजूचे बोल्ट सैल करून सारखी मागे ओढा. हे सोपं. खरी फसगत होते ती बम्परकडची कड एका बाजूला गेलेली असते तेव्हा. नवशिका ती कड धरून आडवी ढकलतो. ती ढकलून जात नाही, कारण तिचा सुकाणू दुसऱ्या टोकाला, काचेजवळ आहे.

माझ्याच गाडीचे आकडे सांगतो. बम्परकडे डावीकडे ८, उजवीकडे ३. बेरीज ११, म्हणजे दोन्हीकडे साडेपाच यायला हवेत आणि मागची कड अडीच मिलीमीटर डावीकडे न्यायला हवी. दोन बिजागऱ्यांतलं अंतर आणि बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण सारखं असेल, तर एका बाजूची बिजागरी जेवढी मागे ओढाल तेवढीच मागची कड विरुद्ध बाजूला जाते. म्हणून फक्त उजव्या बाजूचे बोल्ट सैल केले, डावे नुसते नरम ठेवले आणि उजवीकडून डिकी अडीच मिलीमीटर बम्परकडे ओढली. मागची कड आपोआप डावीकडे आली. लक्षात ठेवायला सोपं: उजवी मागे ओढली की शेपूट डावीकडे, डावी मागे ओढली की शेपूट उजवीकडे.

दर वेळी एकच गोष्ट हलवायची. मग बोल्ट घट्ट, डिकी टेकव, माप घे, टेपवर लिही. जोशीकाकांना हे पटत नाही. ते म्हणतात, अरे एकदम दोन्ही घे ना हलवून, किती वेळ लावतोस. एकदा त्यांचं ऐकलं आणि एक तास आपण कुठे होतो तेच शोधण्यात गेला.

उंची आणि वॉशर

आजूबाजूच्या फटी जमल्या की काचेकडची कड वर आहे की खाली ते बघा. ही उंची बिजागरीचा दांडा आणि डिकी यांच्यामध्ये शिम घालून बदलते. बोल्ट दोन असतात, एक काचेकडे, एक बम्परकडे. दोन्हींखाली सारखी शिम घातली तर कड सरळ तेवढीच वर येते. फक्त काचेकडच्या बोल्टाखाली घातली तर काचेकडची कड जास्तच वर उचलली जाते. फक्त बम्परकडच्या बोल्टाखाली घातली तर ती खाली बसते.

बाजारातला साधा वॉशर दीड मिलीमीटरच्या आसपास जाड असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण एकाच बोल्टाखाली घातला तर डिकी कलते आणि कड अपेक्षेच्या दुप्पट-तिप्पट हलते. म्हणून अर्ध्या मिलीमीटरच्या पत्रीपासून सुरुवात करा. पत्रीला एका बाजूने खाच कापली की बोल्ट पूर्ण न काढता ती आत सरकवता येते. पत्रीच्या कडा कानशीने मारून घ्या आणि बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत ती तिथेच गंजून फुगेल.

एकच कोपरा वर राहतो तेव्हा

फटी बरोबर, काचेकडची कड बरोबर, आणि बम्परकडचा एकच कोपरा बोटभर वर. म्हणजे डिकी स्वतः पिळलेली आहे. वर्षानुवर्षं एका हाताने, एकाच कोपऱ्यावर आपटून बंद केलेल्या डिक्यांचं हे होतं. आमच्या घरात तो हात माझा होता.

पीळ काढण्याआधी एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून डिकीवर फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. थर जाड असेल तर पुढचं काही करू नका, कारण पीळ दिला की पुट्टी तडकते आणि मग रंगकामाचा खर्च डोक्यावर.

पत्रा मोकळा असेल तर असं करा. समजा उजवा कोपरा वर आहे. डाव्या कोपऱ्याखाली, डिकी आणि बॉडी यांच्या मध्ये, फडक्यात गुंडाळलेला ठोकळा ठेवा. जोशीकाका डावा कोपरा धरतील. तुम्ही दोन्ही तळवे उजव्या कोपऱ्यावर, कडेच्या घडीवर ठेवून अंगाचा भार हळूहळू टाका. झटका नाही. सोडा, ठोकळा काढा, टेकवून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच होणार नाही, पत्रा स्प्रिंगसारखा परत येईल. दर वेळी थोडा जास्त भार. एका क्षणी तो परत यायचा थांबतो, आणि ते तळव्याला कळतं. मधल्या मोठ्या सपाट भागावर कधीच दाबायचं नाही, तिथे खळगा पडतो आणि तो निघत नाही.

काही जण या टप्प्यावर भंगारातली दुसरी डिकी आणायचं ठरवतात. पद्मिनीच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, त्यांचे पत्रे अजून कुर्ल्याला सापडतात. आणा, पण पन्नास वेळा दाबली गेलेली टॅक्सीची डिकी आपल्या जुन्या गाडीचा पीळही सोबत घेऊन येते. मेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि बॉडीचं तोंड कापून डिकीच्या मापाचं करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, आणि त्यासाठी बॉडी, चासी, इंजिनात मोठी फेरफार झालेली चालत नाही. माझी २०३२ साली त्या रांगेत लागेल.

रबर

नवीन रबर मीटरवर मिळतं. ऑपेरा हाऊसकडून लॅमिंग्टन रोडपर्यंत गाडीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा खिशात हवा. ‘पद्मिनीचं द्या’ म्हटलं की दुकानदार जे हाताला लागेल ते देतो. तुकड्याशी जाडी, पोकळी, खाच ताडून बघा. बोटांनी दाबून पाहा: दबून लगेच फुगलं पाहिजे. टणक किंवा जाड रबर ही मुंबईतल्या निम्म्या न बसणाऱ्या डिक्यांची गोष्ट आहे. सगळा मेळ नीट असतो आणि जाड रबर डिकीला वर ढकलत असतं.

बसवताना ताणू नका. ताणलेलं रबर महिनाभरात आखडतं आणि जोड उघडतो. उलट पाऊण-एक सेंटीमीटर जास्त कापा आणि टोकं एकमेकांना दाबून भिडवा. जोड काचेखाली ठेवायचा नाही. पावसाचं सगळं पाणी काचेवरून तिथेच उतरतं. जोड बम्परकडे, लॉकच्या शेजारी.

मग पुठ्ठ्याच्या घड्या काढून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांची परीक्षा. दोन बोटं रुंद पट्टी रबरावर ठेवा, डिकी टेकवून लॉकच्या जागी तळव्याने दाबून धरा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत निघाली तर बरोबर. सुळकन निघाली तर तिथून पाणी येणार. फाटली तर रबर तिथे फार दबतंय. डिकीभोवती आठ ठिकाणी हे करा. मला यात भलतीच मजा येते. जोशीकाका मधेच पट्टीवरची बातमी वाचत बसतात.

आता खिशात हात घाला

हूक परत बसवायची वेळ आली. पण त्याआधी लॉक तपासा, डिकी उघडी असतानाच. स्क्रू-ड्रायव्हरने लॉकची जीभ ढकलून बंद करा, किल्लीने उघडा. पाच वेळा. एकदा जरी अडकली तरी लॉक काढून रॉकेलमध्ये धुवा आणि तेल द्या.

मी हे केलं नव्हतं. सगळं जमल्याच्या आनंदात डिकी लावली. ती लागली आणि उघडेना. आत माझे पाने, टॉर्च आणि बिजागरीचा एक बोल्ट. अर्धा तास किल्ली फिरवून झाल्यावर वॉचमनने सुचवलं तो उपाय आजही उपयोगी पडतो: एकाने लॉकच्या बरोबर वर दोन्ही तळव्यांनी दाबायचं आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची. दाब आला की हुकावरचा ताण सुटतो आणि जीभ मोकळी होते. किल्ली मात्र नेहमी खिशात, डिकीत नाही.

हुकाचे बोल्ट हाताने लावा, तो सरकेल एवढेच. त्याची जागा डोळ्याने ठरवायची नाही. खोबरेल तेलात चिमूटभर कुंकू कालवा, हुकाच्या माथ्यावर बोटाने लावा आणि डिकी हळूच टेकवा, लावू नका. उघडून लॉकच्या तोंडाकडे बघा. लाल ठिपका मधोमध उमटला पाहिजे. एका कडेला उमटला तर हूक त्या बाजूला जास्त गेलाय. उलट सरकवा, पुसा, पुन्हा लावा. माझा ठिपका चौथ्यांदा मधे आला. जुन्या गॅरेजवाल्याने ठोकलेला हूक तोवर जवळजवळ सहा मिलीमीटर सरकला होता.

उंची शेवटी. हूक सगळ्यात वर ठेवून सुरू करा आणि थोडा थोडा खाली घ्या. डिकी वीतभर उंचीवरून सोडली की स्वतःच्या वजनाने, तळव्याच्या हलक्या दाबाने लागली पाहिजे. लागल्यावर कड दाबून बघा: किंचित दबावी, पण खुळखुळू नये. आपटावं लागलं तर हूक फार खाली आहे किंवा रबर जाड आहे. यापैकी काय, ते पट्ट्यांनी आधीच सांगितलेलं असतं.

सगळे बोल्ट घट्ट करा. पन्नास वेळा उघडा-लावा. मुलं असतील तर त्यांना हे काम द्या, बोटं सांभाळायला सांगून.

पाणी

सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायची परवानगी नसते, म्हणून बादली आणि मग. खालून सुरुवात करा. आधी बम्परकडची कड, मग दोन्ही बाजू, सगळ्यात शेवटी काचेवरून. वरून ओतायला सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. दर टप्प्यानंतर डिकी उघडून बोट फिरवा. रात्री करणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा आणि डिकी लावून बाहेरून फिरा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे रबर टेकलेलं नाही. (मोबाइल ठेवण्याआधी लॉक खात्रीचं आहे ना?)

डिकीची कड कोरडी आणि तळ ओला असंही होतं. मग दोष डिकीचा नाही. टेललाइटच्या मागचं रबर किंवा मागच्या काचेचं बीडिंग बघा. माझ्याकडे उजव्या टेललाइटने वर्षभर डिकीच्या नावावर पाणी गाळलं.

नवीन रबर पहिले काही दिवस फुगलेलं असतं, त्यामुळे आठवड्याने हूक पुन्हा अर्धा मिलीमीटर हलवावा लागू शकतो. बिजागरीचे बोल्टही तेव्हाच एकदा आवळा. आणि मे संपताना डिकीच्या तळावर पूर्ण वर्तमानपत्र उलगडून पसरून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की ते काढून उजेडात धरा. कागद कुठे सुरकुतलाय, कुठल्या कोपऱ्यात शाई पसरली आहे, त्यावरून पुढचा रविवार कुठे घालवायचा ते ठरतं.